धावपट्टीविना अवतरण : लहान विमाने आणि असज्ज भूमी

प्रस्तावना :
धावपट्टी म्हणजे केवळ सपाट जमीन नव्हे. तिची भारवहनक्षमता, उतार, लांबी व भोवतालचे अडथळे यांची पूर्वतपासणी झालेली असते. शेत, माळरान वा नदीपात्र यांबाबत हीच तपासणी वैमानिकाला काही क्षणांत, तीही आकाशातून करावी लागते. जुलै 2022 मध्ये बारामतीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. अशा प्रसंगी जमीन नेमकी कशी घात करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
झाडे, बांध व विजेच्या तारा हाच मुख्य धोका, असा सर्वसाधारण समज आहे. तार तर वरून बहुधा दिसतच नाही. खांबांवरून तिचा अंदाज घ्यावा लागतो. परंतु उंचीवरून मुळीच न कळणारी गोष्ट म्हणजे मातीचा मऊपणा होय. सेस्ना 172 सारख्या विमानाचे पुढचे लहान चाक ओल्या काळ्या मातीत रुतले, की चाक थांबते आणि विमान मात्र पुढेच जाऊ पाहते. परिणामी चाकाचा दांडा मोडतो किंवा विमान नाकावर उलटते. नांगरलेल्या शेतात तासांना समांतर उतरावे, असे शिकवतात ते याचसाठी.

दुसरा घटक वेगाचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 50 नॉट वेगाचे विमान 10 नॉट वाऱ्याला सामोरे उतरल्यास जमिनीवरील वेग 40 नॉट, वारा पाठीशी घेतल्यास 60 नॉट. म्हणजे ऊर्जा सव्वादोन पट. ताशी 80 किलोमीटर वेगाचे विमान 9 जी इतक्या एकसमान मंदनाने सुमारे 2.8 मीटरांत थांबते. वेग दुप्पट असल्यास 11 मीटरांहून अधिक अंतर लागते. मात्र वेग हवेतच पंखांचा आधार सुटण्याइतका घटवणे अधिक घातक.

अलास्कात असे अवतरण हा नित्याचा व्यवहार आहे. तेथील पायपर सुपर कब विमानांना पुढचे चाकच नसते. मोठे, कमी दाबाचे टायर असतात. नदीतील वाळूच्या पट्ट्यावर उतरण्यापूर्वी वैमानिक उड्डाणवेग राखून चाके अलगद टेकवतो, पुन्हा वर उठतो आणि वळून आपलीच चाकोरी पाहतो. तीत पाणी भरले असेल तर तेथे उतरत नाही. इंजिन बंद पडलेल्याला ही सवड नसते.

उतरता आले म्हणजे उडता येईलच, असेही नाही. सेस्ना 172 ला थांबण्यापेक्षा उडण्यासाठी अधिक धाव लागते आणि मऊ जमीन ती आणखी वाढवते. त्यामुळे सुखरूप उतरलेले विमानही कधी कधी पंख काढून मालमोटारीतून परत न्यावे लागते.