दारात झुलणारा दहा सिलिंडरांचा हत्ती

इंजिन सुरू केलं की ही गाडी शंभरावर घोडे तुमच्यापासून लपवून ठेवते. बटण दाबून चालू केलेली बीएमडब्ल्यू एम५ आधी फक्त ४०० अश्वशक्तीवर धावते. गिअरच्या दांड्याजवळ ‘पॉवर’ लिहिलेलं आणखी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की उरलेले १०७ घोडे तबेल्यातून बाहेर येतात.

ही २००५ ते २०१० या काळातली एम५. जाणकार तिला ‘ई६०’ म्हणतात. बाहेरून पाहाल तर ऑफिसला जाणाऱ्या साहेबाची चार दारांची सभ्य गाडी. बॉनेटखाली मात्र पाच लिटरचं, दहा सिलिंडरांचं व्ही१० इंजिन. त्या काळात बीएमडब्ल्यूचं व्ही१० फॉर्म्युला वन शर्यतीतही धावत होतं आणि या गाडीच्या इंजिनाचा ठोकळा जर्मनीतल्या लँड्सहूटच्या त्याच ओतकामाच्या कारखान्यात ओतला जात होता. २००६ मध्ये नियम बदलले आणि फॉर्म्युला वनने व्ही१० सोडून व्ही८ धरलं. रस्त्यावरच्या एम५ मध्ये ते आणखी चार वर्षं गर्जत राहिलं. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय किताब याच इंजिनाने घेतला.

एकूण गाड्या किती बनल्या? २०,५४८. त्यातल्या १,०२५ मागे मोठी डिकी असलेल्या ‘टूरिंग’, बाकी सगळ्या सेडान.

अमेरिकेत नवी असताना हिची किंमत ८० हजार डॉलरच्या पुढे होती. आज भरपूर धावलेली एम५ त्याच्या पाव किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळून जाते. इथेच माणूस भुलतो. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पुढचे सगळे आकडे अमेरिकेतल्या स्वतंत्र गॅरेजांचे आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या डीलरकडे गेलात तर आणखी वर.

वीस पाती, एक धसका

प्रत्येक पिस्टन कनेक्टिंग रॉडने क्रँकला जोडलेला असतो. रॉड आणि क्रँक यांच्या मधे अर्धगोल बेअरिंगची दोन पाती बसतात. दहा रॉड, म्हणजे वीस पाती. या इंजिनाची लाल रेषा मिनिटाला ८,२५० फेऱ्यांवर आहे. तिथे क्रँक सेकंदाला १३७ वेळा फिरतो आणि दर फेरीला पिस्टनांचा सगळा धक्का त्या वीस पात्यांवर येतो. मधे असतो तो फक्त ऑईलचा पातळ पडदा. तो फाटला की धातूवर धातू घासतो. या इंजिनात ही बेअरिंग लवकर झिजतात, ही गोष्ट एम५ वाल्यांच्या जगात सर्वांना पाठ आहे. बेअरिंग आणि क्रँकमधली फट फार कमी ठेवली, त्यात १०डब्ल्यू-६० सारखं जाड ऑईल, आणि वर इंजिन गरम होण्याआधीच मालकाने पाय दाबला, असं अनेक मेकॅनिक सांगतात.

बेअरिंग वेळेत बदलली तर अडीच ते चार हजार डॉलर. त्यासाठी इंजिन पूर्ण काढावं लागत नाही. इंजिन वर टांगून खालची चौकट आणि ऑईलचं चेंबर उतरवतात आणि खालून काम करतात. वेळ चुकली तर बेअरिंग क्रँकवर घट्ट धरतं, रॉड तुटतो आणि कधी इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. मग दुसरं इंजिन बसवायला गाडीच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त खर्च येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

यावर एक सुंदर उपाय आहे. माणसाचं रक्त तपासतात तसं या गाडीचं जुनं ऑईल प्रयोगशाळेत पाठवता येतं. त्यात शिसं आणि तांबं वाढलेलं दिसलं तर बेअरिंग झिजायला लागल्याचा तो इशारा. खर्च काही डॉलरांचा. मला वाटतं, या सगळ्या गाडीशास्त्रातली ही सर्वांत शहाणी सवय आहे.

दहा नाकपुड्या, दोन मोटारी

साध्या गाडीच्या इंजिनाला हवेसाठी एकच थ्रॉटल झडप पुरते. एम५ मध्ये प्रत्येक सिलिंडरची वेगळी. म्हणून तर पाय हलला की इंजिन लगेच हुंकारतं. या दहा झडपा दोन विजेच्या मोटारी उघडतात, प्रत्येक बाजूला एक. त्यांच्या आतली छोटी दातेरी चाकं आणि सेन्सर झिजतात. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी आजाऱ्यासारखी रेंगाळते. नव्या दोन मोटारी मजुरीसह दोन-तीन हजार डॉलरपर्यंत जातात. जुन्याच उघडून दुरुस्त करून देणारे कारागीर मात्र काही शे डॉलरमध्ये काम करतात.

गिअर, क्लच आणि एक स्वस्त रिले

हिचा सात गिअरचा एसएमजी गिअरबॉक्स कॉम्प्युटर चालवतो. क्लच दाबायला पायाखाली पॅडल नाही. गिअर बदलण्याच्या अकरा पद्धती त्यात आहेत. मात्र क्लच दाबायचं काम हायड्रॉलिक पंप करतो आणि तो थकला की गाडी न्यूट्रलमध्ये हट्ट धरून बसते. पंपाची दुरुस्ती दोन ते चार हजार डॉलर, क्लचप्लेट आणि फ्लायव्हील बदलायचं तर तीन-चार हजार. पण गंमत अशी की कित्येकदा दोष पंपाचा नसतो. त्याला वीज देणारा रिले खराब झालेला असतो आणि तो काही डॉलरांचा. म्हणून मेकॅनिकने पंपाचं नाव घेतलं की आधी विचारा, “रिले पाहिला का?” बॅटरी कमजोर असली तरी ही गाडी सतरा ठिकाणचे खोटे दिवे लावते.

अमेरिकन खरेदीदारांना हाताने गिअर टाकायची हौस. त्यांच्यासाठी कंपनीने सहा गिअरची मॅन्युअल गाडी बनवली. युरोपच्या वाट्याला ती आलीच नाही.

आणि हो, ॲव्हरेज! आपल्याकडे हा प्रश्न पहिला विचारतात. कंपनीच्या आकड्यांनुसार लिटरला जेमतेम पावणेसात किलोमीटर, शहरात त्याहून बरंच कमी. टाकी ७० लिटरची. पाय जड असेल तर पेट्रोलपंपाशी लवकर ओळख होते.

व्हॅनोसबद्दलही दोन शब्द. सिलिंडरांच्या आतल्या झडपांचं टायमिंग बदलणारी ही यंत्रणा खूप मोठ्या दाबाच्या ऑईलवर चालते. तिची नळी गळली किंवा पंप गेला तर हजारांत खर्च येतो.

एवढं सगळं सांगूनही मी म्हणेन, हे इंजिन एकदा आठ हजारांच्या वर ऐकावं. आता असा आवाज कुणी बनवत नाही आणि नवे नियम पाहता पुन्हा कुणी बनवेल असं वाटत नाही. म्हणून ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी तिला नीट सांभाळावं, हे मला मनापासून वाटतं.

न्यू जर्सीत, ह्यूस्टनमध्ये किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना अशी एखादी एम५ पंधरा-वीस हजार डॉलरला दिसली तर फोटो पाहून बोली लावू नका. आधी ऑईलच्या तपासणीचा अहवाल मागा, मग बेअरिंग बदलल्याची पावती. पावती नसेल तर चार हजार डॉलर किमतीतून वजा करा आणि ते चार हजार गाडी घरी आणल्यावर पहिल्याच महिन्यात बेअरिंगवर खर्च करा.