आभासी यंत्र आणि आज्ञांचा सराव
संगणकास टंकलिखित आज्ञा देण्याची पद्धती, म्हणजे कमांड लाइन, शिकताना विद्यार्थ्यास भय वाटते ते अकारण नव्हे. लिनक्समधील ‘आरएम’ ही आज्ञा फाइल पुसते ती कचरापेटीत न टाकता. ‘स्टार’ या चिन्हापुढे एक मोकळी जागा अनवधानाने पडली, की मोजक्या फाइलींऐवजी फोल्डरातील बहुतेक साऱ्याच फाइली जातात. मग ती प्रबंधाची सामग्री का असेना.

यावर उपाय आभासी यंत्राचा. कल्पना जुनीच. आयबीएमने १९७२ साली जाहीर केलेल्या व्हीएम/३७० प्रणालीत एकाच मेनफ्रेमवर प्रत्येकास स्वतंत्र यंत्र लाभल्याचा प्रत्यय येई. आजच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये अतिथी यंत्राची संपूर्ण डिस्क ही यजमान संगणकावरील एक फाइलच असते. आरंभी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवावा; मग आत सर्वस्व पुसले गेले तरी पूर्वस्थिती परत आणता येते. किंबहुना एकदा तसे मुद्दाम करून पाहावे. पुस्तकी इशाऱ्यांपेक्षा ते अधिक शिकविते.

मात्र या तटबंदीस एक खिंडार आहे. दोन्ही यंत्रांत सामाईक फोल्डर जोडलेले असल्यास त्यातील फाइली यजमानाच्याच डिस्कवर असतात. आतून पुसल्या तरी त्या खरोखरच नाहीशा होतात, आणि स्नॅपशॉट त्यांना परत आणू शकत नाही. सरावापूर्वी तो फोल्डर काढून टाकावा, निदान केवळ वाचनापुरता खुला ठेवावा.