आसादो

आसादो ही अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे व चिली या देशांत प्रचलित असलेली, निखाऱ्यांवर मांस मंद धगीने भाजण्याची पद्धत होय. दक्षिण ब्राझीलमधील तिच्या भावंडाला शुरास्को म्हणतात. भाजलेल्या मांसाला आणि ते खाण्यासाठी जमलेल्या मेळाव्यालाही आसादो हेच नाव आहे. परदेशांतील उपाहारगृहांमुळे आसादो म्हणजे गोमांसाचा जाड तुकडा, अर्थात स्टेक, असा समज पसरला आहे. घरगुती आसादोत मात्र बरगड्यांचा मान मोठा असतो.

इतिहास

१६व्या शतकात स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेली गुरे पाम्पास या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात मोकाट वाढली. त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या घोडेस्वार गुराख्यांना गाऊचो म्हणत. त्या काळी किंमत होती ती कातड्याला. मांस टिकवण्याची सोय नसल्याने ते पुष्कळदा रानातच टाकून दिले जाई. गाऊचोंजवळ भांडी नसत. एक सुरी आणि विस्तव एवढ्यावरच त्यांचे जेवण होई. १८३४ मध्ये फॉकलंड बेटांवर चार्ल्स डार्विनने गाऊचोंनी कातड्यासकट भाजलेले मांस खाल्ले. कातड्याची बाजू खाली ठेवल्याने रस वाया जात नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे शीतजहाजे आली आणि हेच मांस युरोपात जाऊ लागले.

पद्धत

लाकूड बाजूला पेटवून त्याचे निखारे होऊ देतात आणि ते थोडे थोडे ओढून लोखंडी जाळीखाली पसरतात. मांसाला ज्वाळा लागू न देणे, हे यातील खरे कौशल्य. बरगड्या हाडाची बाजू खाली ठेवून बराच वेळ भाजतात. घाई येथे चालत नाही. मांसाला लावायचे ते बहुधा केवळ भरड मीठ. पार्सली, लसूण, ओरेगानो, तेल व व्हिनेगर यांची चिमिचुरी ही चटणी वेगळी वाढतात. पातागोनियात अख्खे कोकरू लोखंडी क्रुसावर ताणून विस्तवाशेजारी उभे करतात. भाजणाऱ्यास आसादोर म्हणतात. जेवताना त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याची प्रथा आहे. 'बिफे दे चोरिसो' हे नाव फसवे आहे: चोरिसो म्हणजे सॉसेज, पण हा पदार्थ पाठीच्या मांसाचा स्टेक असतो.

सरपण

केब्राचो या वृक्षाचे निखारे दीर्घकाळ टिकतात. त्याच्या नावाचा अर्थच 'कुऱ्हाड मोडणारा' असा आहे. तांबड्या केब्राचोतील टॅनिन कातडी कमावण्यास लागे. त्यासाठी चाको प्रदेशातील अरण्यांची प्रचंड तोड झाली. हा वृक्ष अत्यंत सावकाश वाढतो.