चमकीचं नेलपॉलिश निघत का नाही?

लग्न आटोपतं, साड्या घडी होऊन कपाटात जातात, मेंदीही फिकी पडत जाते. नखांवरचं चमकीचं नेलपॉलिश मात्र हटायला तयार नसतं. साधा लाल रंग रिमूव्हरच्या एकदोन बोळ्यांत निघतो. ग्लिटरवर बोळ्यामागून बोळा संपतो आणि कण जागच्या जागीच राहतात. मग घासणं आणि खरवडणं सुरू होतं, त्यात नखाचं नुकसान होतं. ते सहज टाळता येतं, पण आधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज: रिमूव्हर चांगलं असेल तर चमकी विरघळते.

वस्तुस्थिती: चमकी विरघळत नाही. नेलपॉलिशचा थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोज आणि रेझिनचा असतो. बाटलीत हे पदार्थ इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळलेले असतात. लावल्यावर द्रावक उडून जातात आणि नखावर कडक पापुद्रा उरतो. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तो पापुद्रा पुन्हा विरघळवतं. चमकीचे कण मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा थर देऊन कापलेले तुकडे असतात. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटी प्लास्टिकच्या असतात, तेच हे पॉलिएस्टर. अ‍ॅसिटोनमध्ये ते विरघळत नाही. शेंगदाण्याची चिक्की पाण्यात टाकली तर गूळ विरघळतो, शेंगदाणे तसेच राहतात. इथेही कण धरून ठेवणारा थर तेवढा सैल करायचा असतो.

गैरसमज: जोर लावून घासलं की लवकर निघतं.

वस्तुस्थिती: अ‍ॅसिटोन अवघ्या 56 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे उघड्या बोळ्यातून ते भराभर उडून जातं. थर जरा मऊ होतो न होतो तोच पुन्हा कडक होतो. त्यातच कणांच्या कडांना कापसाचे तंतू अडकतात. गरज असते ती द्रावक नखावर टिकवून ठेवण्याची.

त्यासाठी पार्लरमध्ये जेल पॉलिश काढताना वापरतात तीच पद्धत घरीही चालते. आधी नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावावं, नखावर मात्र नाही. नखाएवढा कापसाचा तुकडा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवावा आणि बोटाच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी घट्ट गुंडाळावी. फॉइलची कोणती बाजू आत, याने फरक पडत नाही. पाच ते दहा मिनिटांनी फॉइलवरूनच नख हलकं दाबून कापूस टोकाच्या दिशेने ओढला की बरीचशी चमकी त्याच्याबरोबर निघून येते. काही कण उरलेच तर पुन्हा थोडा वेळ भिजवावं.

गैरसमज: कडेने सुटलेलं पॉलिश सोलून काढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि केराटिनच्या एकावर एक बसलेल्या थरांचं बनलेलं असतं. चिकटलेलं पॉलिश ओढताना वरचे थरही सोलले जातात. तिथे पांढुरके खरखरीत डाग दिसतात. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळाजवळची इजा पूर्ण निघून जायला सहाएक महिने लागू शकतात.

गैरसमज: अ‍ॅसिटोन नसलेलं रिमूव्हर केव्हाही चांगलं.

वस्तुस्थिती: अशा रिमूव्हरमध्येही द्रावक असतातच, बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट. ते सावकाश काम करतात, म्हणून चमकीवर जास्त वेळ भिजवावं लागतं. अ‍ॅसिटोन नख आणि कातडी कोरडी करतं हे खरं. पण थोडा वेळ भिजवून काम होत असेल तर घासणं वाचतं. अ‍ॅक्रिलिकची कृत्रिम नखं असतील तर मात्र अ‍ॅसिटोन टाळावं, कारण त्यात ती नखंच विरघळू लागतात.

गैरसमज: रिमूव्हर गरम केलं की काम पटकन होतं.

वस्तुस्थिती: हे जिवावर बेतू शकतं. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने खालून पसरत जाते. अ‍ॅसिटोन नसलेली रिमूव्हरंही ज्वालाग्राहीच असतात. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती यांच्याजवळ बाटली उघडूच नये. खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना दूर ठेवावं. ऊब हवीच असेल तर फॉइल गुंडाळलेल्या बोटांभोवती गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पुरतो.

गैरसमज: लिंबू किंवा टूथपेस्टने काम भागतं.

वस्तुस्थिती: लिंबाच्या आम्लात नायट्रोसेल्युलोज विरघळत नाही. टूथपेस्टमधले बारीक कण पॉलिशबरोबर नखही घासतात.

गैरसमज: जो काही उपाय करायचा तो काढतानाच.

वस्तुस्थिती: सगळ्यात सोपा उपाय लावण्याआधीचा आहे. ‘पील-ऑफ’ बेस कोट बहुधा पाण्यावर आधारित असतो आणि शाळेतल्या पांढऱ्या गोंदासारखा लवचीक थर तयार करतो. तो पूर्ण वाळू द्यावा, मग त्यावर चमकी लावावी. काढताना बोटं कोमट पाण्यात बुडवून लाकडी काडीने कड अलगद उचलली की सगळा पापुद्रा एकसंध सुटतो. भांडी, धुणं यांत हात सतत ओले राहत असतील तर हा थर लवकर सुटतो. एखाद्या समारंभापुरतं मात्र तेवढं पुरेसं असतं. कागद-लाकडाचा गोंद नखांसाठी बनवलेला नसतो, म्हणून नखांसाठीचाच बेस कोट घ्यावा.

गैरसमज: निघालेली चमकी बेसिनमध्ये धुऊन टाकली तरी चालते.

वस्तुस्थिती: हे कण म्हणजे मायक्रोप्लास्टिकच. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली; नखांच्या प्रसाधनांना 2035 पर्यंत मुदत दिली आहे. म्हणून बोळे आणि फॉइल पूर्ण वाळू द्यावं, कागदात गुंडाळावं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकावं. बोटांवर राहिलेले कणही ओल्या कागदाने टिपून घ्यावेत, मगच साबणाने हात धुऊन नखांना खोबरेल तेल चोळावं.