ब्रिक्सहॅमचे सायंस्तोत्र

नवी दिल्लीच्या विजय चौकात 29 जानेवारीस होणाऱ्या लष्करी वाद्यवृंदांच्या समारंभात, 2022 साली वगळले जाईपर्यंत, जे संथ व गंभीर सूर वर्षानुवर्षे घुमत आले, ते गांधीजींना प्रिय असलेल्या 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती स्तोत्राचे होत. चाल विल्यम हेन्री मंक याची, 1861 सालच्या स्तोत्रसंग्रहासाठी बांधलेली. दुःखाच्या दिवसांत आपण उभयता मावळता सूर्य पाहत असता ती सुचली, असे त्याच्या पत्नीने पुढे सांगितले. शब्दांचा उगम मात्र याहून जुना आहे.

त्यांचा कर्ता हेन्री फ्रान्सिस लाइट हा 1793 साली स्कॉटलंडातील एडनम गावी जन्मला. बाप कुटुंब टाकून गेला, आणि पोरक्या मुलाला आयर्लंडातील एनिस्किलेनच्या मुख्याध्यापकाने आपल्या घरी आश्रय दिला. डब्लिनला विद्या संपादून धर्मदीक्षा घेतल्यावर यथावकाश त्याची नेमणूक डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या बंदरी झाली, आणि खलाशांत धर्मोपदेश करीत, त्यांच्या मुलांसाठी रविवारची शाळा चालवीत, त्याने तेथे वीस वर्षांहून अधिक काळ काढला. क्षयाने तबियत पार खालावल्यावर, दक्षिणेच्या उबदार मुलखात रवाना होण्यापूर्वी, 5 सप्टेंबर 1847 रोजी त्याने आपले अखेरचे प्रवचन दिले. आणि त्याच सायंकाळी हे स्तोत्र, स्वतः बांधलेल्या चालीसह, एका निकटच्या आप्ताच्या हाती ठेवले, असे त्याच्या कन्येने लिहून ठेवले आहे. 20 नोव्हेंबरला, वयाच्या 54व्या वर्षी, नीस येथे त्याचे देहावसान झाले.

या हकिकतीस 1925 साली 'स्पेक्टेटर' पत्रातून आव्हान मिळाले. 1820 साली आयर्लंडात मरणशय्येवरील एका स्नेह्याच्या मुखी जे शब्द पुन्हा पुन्हा येत, त्यांवरून तरुण लाइटने हे स्तोत्र तेव्हाच रचले होते, असा तो दावा होता.

मूळ प्रसंग लूककृत शुभवर्तमानातला आहे. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी सोबत्यास, दिवस कलला आहे, आमच्याकडेच मुक्काम करा, असे दोघे शिष्य आर्जवाने विनवतात. तो पुनरुत्थित ख्रिस्तच आहे, हे त्यांना ठाऊक नसते. लाइटने त्या विनवणीतील अनेकवचन सोडून एकवचन घेतले, आणि मावळत्या दिवसाच्या ठायी मावळते आयुष्य पाहिले.

मूळ रचना आठ कडव्यांची असून प्रचारात बहुधा पाचच गायिली जातात, ही गोष्ट मला फार खटकते. गाळलेल्या कडव्यांपैकी एकात कवी कोवळ्या वयात लाभलेल्या ईश्वरी कृपेचे स्मरण करतो. मधल्या काळात आपण बंडखोर होऊन वाट सोडली, तरी आपण त्याला जितक्या वेळा सोडले तितक्या वेळा त्याने आपल्याला सोडले नाही, अशी कबुली देतो. ते कडवे नसले की उरते केवळ मरणघटिकेची प्रार्थना. ते असले म्हणजे तीच प्रार्थना उभ्या हयातीचा हिशेब होते. सत्तावीस वर्षांच्या तरुणाने स्नेह्याच्या उशाशी बसून या स्तोत्राचे बीज टिपले असेलही, पण बालपण, भरकटणे आणि परतणे हे तिन्ही टप्पे इतक्या दुरून पाहणारी ही कडवी उतारवयातलीच असावीत, असे माझे मत आहे, आणि म्हणून कन्येच्या साक्षीलाच मी अधिक वजन देतो.