सेकंड हँड बाईक घेतली अन् आरसी हरवल्याचं कळलं. आता डुप्लिकेट आरसी नक्की कोणाला मिळते?

सेकंड हँड बाईकचा व्यवहार आपल्याकडे कसा होतो, हे सगळ्यांना माहितीये. ओळखीतल्या कोणाची तरी गाडी असते. एक राऊंड मारून बघितला जातो, थोडी घासाघीस होते, पैसे जीपे होतात आणि चावी हातात येते. कागदांचा विषय निघाला की उत्तर येतं, "आरसी घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो."

ती आरसी सापडतच नाही. वर्ष-दोन वर्षं जातात. मग कधी नाकाबंदीत गाडी अडवली जाते, कधी गाडी पुढे विकायची वेळ येते, आणि तेव्हा लक्षात येतं की गाडी आपण चालवतोय खरी, पण कागदावर ती अजून दुसऱ्याचीच आहे.

मग पहिला विचार येतो की आरटीओत जायचं, फी भरायची आणि डुप्लिकेट काढायची. पण इथंच बहुतेकांची गाडी अडते. कारण डुप्लिकेट आरसी ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला मिळत नाही, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला मिळते.

आरसीवरचं नाव एवढं महत्त्वाचं का?

पैसे दिले, गाडी घेतली म्हणजे व्यवहार झाला, असं आपण धरून चालतो. विकणारा आणि घेणारा या दोघांपुरतं ते ठीक आहे. पण मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये वाहनाचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे ती व्यक्ती, अशी सरळ व्याख्या आहे. गाडी हप्त्यावर असेल तर तिथं वेगळी तरतूद आहे, पण साध्या विक्रीत आरसीवरचं नावच धरलं जातं.

याचा फटका कसा बसतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालातून कळतं. एका गाडीचा अपघात झाला होता. मूळ मालकानं ती आधीच विकली होती आणि पुढे ती आणखी काही हातांतून गेली होती, पण आरटीओत नाव कोणीच बदललं नव्हतं. उच्च न्यायालयानं शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली. आपण गाडी विकली होती, हा बचाव चालला नाही.

म्हणजे आरसी हरवल्यामुळे ट्रान्सफर रखडली असेल, तर टेन्शन फक्त घेणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही असायला पाहिजे. जुन्या मालकाला फोन करताना हाच मुद्दा सगळ्यात जास्त कामी येतो. "माझं काम करून द्या" म्हणण्यापेक्षा "उद्या माझ्याकडून अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येईल" हे सांगितलं की माणूस सहीला लवकर तयार होतो.

सगळ्यात आधी, आरसी खरंच हरवली आहे का?

आरसी हातात नाही याचे तीन अर्थ असू शकतात. ती हरवली असेल, फायनान्सच्या भानगडीत अडकली असेल किंवा एखाद्या केसमध्ये जप्त झाली असेल. तिन्हीचे रस्ते वेगळे आहेत.

एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकला की बरीच माहिती दिसते. नोंदणी कधीची आहे, कुठल्या आरटीओची आहे, नोंदणी आणि इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्जाची नोंद आहे का, हे बघून घ्यायचं. मालकाचं नाव तिथं पूर्ण दिसत नाही, पण आपल्याला गाडी विकणारा माणूस तोच आहे का याचा अंदाज येतो.

कर्जाची नोंद दिसली, तर गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे. कित्येकदा हप्ते कधीच फिटलेले असतात, पण एचपी काढायची राहून गेलेली असते. अशा वेळी मालकानं बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणायचा. बोजा असताना डुप्लिकेट मागायची झाली, तरी फायनान्स देणाऱ्याची संमती लागते.

आरसी पोलिसांनी किंवा आरटीओनं जप्त केली असेल, तर मात्र "हरवली" असं लिहून डुप्लिकेट मागायची नाही. अर्जावर सही करून तुम्ही आरसी कशी गेली हे खरं सांगितल्याचं जाहीर करत असता. तिथं खोटं लिहिलं तर साध्या कामाची केस होऊन बसते.

डुप्लिकेट काढायची कशी?

हा अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानं करायचा असतो, आणि तोही गाडीची शेवटची नोंदणी ज्या आरटीओत आहे तिथं. म्हणजे गाडी एमएच-०९ पासिंगची असेल आणि तुम्ही पुण्यात राहत असाल, तरी डुप्लिकेट कोल्हापूरच्या आरटीओकडूनच येणार.

पहिली पायरी पोलिसांची. आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून त्याची प्रत घ्यायची. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाईनही करता येते. चोरी झाली असेल तर मात्र ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार द्यायची.

दुसरी पायरी फॉर्म २६. डुप्लिकेट आरसीचा अर्ज हाच. यात आरसी कशी गेली, गाडीची नोंदणी रद्द किंवा निलंबित झालेली नाही, पोलिसांकडे कधी नोंद केली, हे सगळं लिहायचं असतं. हा अर्ज परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर टाकून भरता येतो.

तिसरी पायरी कागदांची. मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट एवढं जवळ ठेवायचं. गाडीवर थकलेली ई-चलन असतील तर ती आधी भरून टाकायची, नाहीतर अर्ज मध्येच अडकतो.

चौथी पायरी फीची. केंद्रीय नियमांनुसार डुप्लिकेटची फी नोंदणी फीच्या निम्मी असते. दुचाकीची नोंदणी फी ३०० रुपये धरली तर डुप्लिकेटचे १५० होतात. त्यावर स्मार्ट कार्डाचे आणि पोस्टाचे पैसे लागतात. सरकारी खर्च एवढाच आहे. एजंट हजारांमध्ये आकडा सांगत असेल, तर उरलेले पैसे कशाचे, हे त्याला विचारायला हरकत नाही.

या सगळ्यात दोन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. एक म्हणजे ओटीपी. तो जुन्या मालकाच्या मोबाईलवर जातो. दुसरी म्हणजे पत्ता. तयार झालेलं कार्ड पोस्टानं आरसीवरच्या पत्त्यावर जातं, म्हणजे जुन्या मालकाच्या घरी. त्यामुळे अर्ज भरताना तो माणूस शेजारी बसलेला असेल किंवा निदान फोनवर असेल, आणि कार्ड आल्यावर तो ते तुमच्यापर्यंत पोहोचवेल, एवढं आधी बोलून घ्यायचं.

डुप्लिकेट आली म्हणजे काम संपलं का?

नाही. डुप्लिकेटवर अजून जुन्याच मालकाचं नाव असतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे गाडी नावावर करून घेणं.

त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. एजंटांच्या भाषेत टीटी फॉर्म. २९ म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला दिलेली सूचना आणि ३० म्हणजे विकणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्यांचा अर्ज. कायद्यानुसार विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. मुदत गेली म्हणून ट्रान्सफर कायमची बंद होत नाही, पण दंड भरावा लागू शकतो.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, समजा गोवा पासिंगची, तर मध्ये आणखी एक टप्पा येतो. आधी गोव्यातल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी घ्यायची. ही एनओसी देण्याआधी गाडी चोरीची नाही ना, याचा पोलिसांकडून रिपोर्ट घेतला जातो. मग महाराष्ट्रातला टॅक्स भरून इथं नोंदणी करायची. म्हणजे आधी डुप्लिकेट, मग एनओसी, मग ट्रान्सफर, असा क्रम लागतो.

गाडी जुनी असेल तर नोंदणीची तारीख बघायची. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी ती रिन्यू करावी लागते. मुदत संपलेली असेल तर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर हा खर्च वेगळा धरायचा. कधीकधी हा हिशोब बाईकच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून तो आधी करायचा.

गाडी नावावर झाली की इन्शुरन्स कंपनीलाही १४ दिवसांत कळवायचं आणि पॉलिसीवरचं नाव बदलून घ्यायचं. ही पायरी निम्मे लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी डोक्याला हात लावतात.

जुना मालक वारला असेल किंवा सापडतच नसेल तर?

मालकाचं निधन झालं असेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती असे कागद लागतात. वारसाच्या नावावर झाली की त्याच्याकडून पुढे तुमच्या नावावर. २०२१ च्या बदलानंतर आरसीवर नॉमिनी लावता येतो. तो लावलेला असेल तर हे काम बरंच सोपं होतं.

मालक सापडतच नसेल तर मात्र सोपा रस्ता नाही. आरसीवरचा पत्ता, जुन्या इन्शुरन्स पॉलिसीवरचा पत्ता, मधला डिलर असा माग काढावा लागतो. पैसे दिल्याचा बँकेचा किंवा यूपीआयचा पुरावा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, विक्रीचा लेखी करार हे सगळं जपून ठेवायचं, कारण रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवायची किंवा कोर्टात जायची वेळ आली तर तेच कामी येतं. "जुन्या मालकाची सही आपण करून टाकू" असं सांगणारा एजंट भेटला, तर तिथून सरळ उठायचं. ती बनावट सही असते आणि पकडली गेली तर गुन्हा फायदा घेणाऱ्यावरही येतो.

डिलरकडून घेतली असेल तर?

इथं एक नियम खरेदीदाराच्या बाजूनं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डिलरनं आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यायचा असतो. गाडी विकायला ठेवताना मालक तशी ऑनलाईन सूचना देतो आणि त्यानंतर तो डिलर त्या गाडीचा मालक मानला जातो. असा अधिकृत डिलर त्याच्याकडच्या गाडीची डुप्लिकेट आरसी, एनओसी आणि ट्रान्सफर यांसाठी स्वतः अर्ज करू शकतो. त्यामुळे डिलरकडे गेल्यावर गाडीच्या ॲव्हरेजबरोबर त्याचं हे प्रमाणपत्रही बघायला मागायचं.

तोपर्यंत गाडी चालवायची की नाही?

फक्त कार्ड हरवलं म्हणून गाडी घरी लावायची गरज नाही. एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमधली डिजिटल आरसी तपासणीवेळी ग्राह्य धरली जाते. डिजिलॉकरमध्ये ती आधारवरच्या नावाशी जुळावी लागते, म्हणून नाव अजून जुन्या मालकाचं असेल तर ती तुमच्या खात्यात येणार नाही. एम-परिवहनमध्ये चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे अंक टाकून व्हर्च्युअल आरसी घेता येते. पण ती पोलिसांना दाखवण्यापुरती आहे. तिनं गाडी तुमच्या नावावर होत नाही.

ज्यांची बाईक अजून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय व्यवहाराच्या दिवशीच आहे. आरसी हातात येईपर्यंत आणि टीटी फॉर्मवर समोर सह्या होईपर्यंत पैशातला एक हिस्सा मागं ठेवायचा. आरसी हरवलीये असं विकणाऱ्यानं सांगितलं, तर डुप्लिकेट त्यानं काढायची आणि गाडी त्यानंतर घ्यायची. काम सारखंच आहे, पण पैसे मिळायचे बाकी असताना माणूस आरटीओची चक्कर आनंदानं मारतो. पैसे मिळाल्यावर तोच माणूस फोन उचलत नाही.