कारमध्ये नवे स्पीकर बसवताना मूळ वायरिंग बदलणे आवश्यक आहे का?

सिहोरा (जबलपूर) : नागपूरहून प्रयागराज किंवा काशीला मोटारीने जाणाऱ्या मराठी प्रवाशांना सिहोरा परिचयाचे आहे. जबलपूर सोडल्यानंतर कटनीच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ३० वर हे तालुक्याचे गाव लागते. नागपूर ते प्रयागराज हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात गाडीतील गाणी, भजने किंवा बातम्या नीट ऐकू याव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक असते. त्यामुळे कंपनीने दिलेले साधे स्पीकर काढून त्या जागी चांगले स्पीकर बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न स्पीकरऐवजी वायरचा निघतो. ‘कंपनीची वायर बारीक आहे, सगळे वायरिंग नव्याने ओढावे लागेल’ असे सांगितले जाते आणि खर्चाचा अंदाज वाढतो. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का, याचे उत्तर साध्या गणितातून मिळू शकते.

थोडक्यात सांगायचे तर, गाडीतील स्टिरिओच्याच शक्तीवर नवे स्पीकर चालवायचे असतील आणि मूळ वायर सुस्थितीत असेल, तर ती बदलण्याची गरज नसते. स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवायचा असेल, वूफर जोडायचा असेल किंवा जुनी वायर खराब झाली असेल, तर मात्र नवी वायर टाकणे योग्य ठरते.

वायरमुळे आवाज किती कमी होतो?

कोणत्याही वायरचा विद्युतप्रवाहाला थोडा विरोध असतो. वायर जितकी बारीक आणि लांब, तितका हा विरोध अधिक. सर्वसाधारण कारमध्ये स्पीकरसाठी सुमारे अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर वापरलेली असते. स्टिरिओपासून दारातील स्पीकरपर्यंत चार मीटर अंतर धरले, तर जाणारी आणि येणारी मिळून आठ मीटर वायर होते. तांब्याच्या गुणधर्मानुसार या आठ मीटर वायरचा विरोध सुमारे ०.२८ ओहम भरतो.

कारमधील बहुतेक स्पीकर चार ओहमचे असतात. त्यांच्या तुलनेत ०.२८ ओहम ही अल्प बाब आहे. या वायरमुळे आवाजात साधारण ०.६ डेसिबलची घट होते. तिच्या जागी तिप्पट जाड, म्हणजे घरातील दिव्यांसाठी वापरतात तेवढ्या दीड चौरस मिलिमीटर जाडीची वायर टाकली, तर घट ०.२ डेसिबलवर येते. म्हणजे संपूर्ण वायरिंग बदलून पदरात पडतो तो सुमारे ०.४ डेसिबलचा फायदा. संगीत ऐकताना एक डेसिबलचा फरकही कानाला जेमतेम जाणवतो. चालत्या गाडीत टायर, वारा आणि इंजिन यांच्या आवाजात ०.४ डेसिबल ओळखता येणे जवळपास अशक्य आहे.

स्टिरिओवरील आकडा आणि प्रत्यक्ष शक्ती

वायर बदलण्याचा आग्रह धरताना अनेकदा स्टिरिओवर छापलेल्या शक्तीचा दाखला दिला जातो. ‘५० वॅट गुणिले ४’ असा आकडा खोक्यावर ठळक अक्षरांत असतो. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, सलग मिळणाऱ्या शक्तीचा नसतो.

इंजिन चालू असताना कारमधील विद्युतदाब सुमारे १४ व्होल्ट असतो. एवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजासाठी जास्तीत जास्त सुमारे २५ वॅट देता येतात, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात हा आकडा २० वॅटच्या आसपास राहतो. पडताळणीसाठी स्टिरिओच्या मागचा फ्यूज पाहावा. तो १० अँपिअरचा असेल, तर स्टिरिओ बॅटरीकडून सलग साधारण १४० वॅटपेक्षा अधिक घेऊच शकत नाही. मग तो स्पीकरना २०० वॅट कोठून देणार?

२० वॅट शक्तीला चार ओहमच्या स्पीकरमधून जेमतेम सव्वादोन अँपिअर प्रवाह वाहतो. कंपनीची वायर तो सहज पेलते. म्हणून खरेदी करताना आकड्यांपैकी ‘आरएमएस’ या नावाने दिलेली सलग शक्ती आणि स्पीकरची संवेदनक्षमता या दोनच गोष्टींकडे लक्ष द्यावे. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरपेक्षा ९१ डेसिबलचा स्पीकर त्याच स्टिरिओवर असा वाजतो, जणू स्टिरिओची शक्ती दुप्पट झाली आहे. वायर बदलून मिळणाऱ्या लाभाच्या सातपटीहून हा लाभ अधिक आहे आणि त्यासाठी गाडीतील एकही वायर हलवावी लागत नाही.

नवी वायर केव्हा टाकावी?

चार परिस्थितींत नव्या वायरचा खर्च सार्थ ठरतो.

पहिली, स्वतंत्र ॲम्प्लिफायरची. प्रत्येक स्पीकरला ७५ ते १०० वॅट किंवा त्याहून अधिक सलग शक्ती द्यायची असेल, तर प्रवाह चार ते पाच अँपिअरपर्यंत जातो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर याही वेळी लगेच जळत नाही, परंतु तिच्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती वाढते. शिवाय ॲम्प्लिफायर बहुधा आसनाखाली किंवा डिकीत बसतो. तेथून पुन्हा स्टिरिओच्या मागे येऊन जुन्या वायरला जोडण्यापेक्षा थेट दारापर्यंत नवी वायर नेणे अधिक सुटसुटीत असते.

दुसरी, वूफरची. मोठ्या वूफरचा विरोध दोन ओहम किंवा त्याहून कमी असू शकतो. तेथे प्रवाह जास्त आणि वायरमुळे होणारी घटही दुप्पट असते. वूफरला स्वतंत्र जाड वायरच हवी.

तिसरी, ट्विटर आणि दारातील मुख्य स्पीकर यांना ॲम्प्लिफायरच्या वेगवेगळ्या वाहिन्यांवरून चालवण्याची. अनेक गाड्यांत या दोहोंना एकाच जोडीतून फाटा काढलेला असतो. त्यांना वेगळे करायचे तर आणखी एक जोडी टाकावी लागते.

चौथी, खराब वायरची. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने वायर कापून टेप गुंडाळलेली असणे, दाराच्या सांध्याजवळ ती तुटत आलेली असणे किंवा तांबे हिरवट-काळे पडलेले असणे, ही तिची लक्षणे. सिहोरा परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत. खाणींच्या भागात बारीक धूळ सर्वत्र शिरते, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि पावसाळ्यात दाराच्या पोकळीतून पाणी वाहते. अशा हवामानात वायरच्या जाडीपेक्षा सांध्यांची स्थिती अधिक निर्णायक ठरते. उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते, उघडे तांबे दाराच्या पत्र्याला टेकते आणि स्टिरिओ बंद पडतो.

कापणे टाळावे

मूळ वायरिंगबाबत खरा धोका तिच्या बारीकपणात नसून ती कापण्यात आहे. आजच्या गाडीत दाराकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात काच, कुलूप, आरसा आणि स्पीकर यांच्या तारा एकत्र असतात. दाराच्या बिजागराजवळील रबरी नळीतून नवी वायर ओढताना या तारांना ओरखडा पडू शकतो. छताच्या खांबांजवळ आणि आसनाखाली एअरबॅगच्या तारा असतात. त्यांचे कपलर सामान्यतः पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. विजेवरील गाडीत नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या वाटेने स्पीकरची वायर नेणे जिवावर बेतू शकते.

यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. प्रत्येक लोकप्रिय गाडीसाठी तयार कपलर मिळतात. त्यांचे एक टोक कंपनीच्या सॉकेटमध्ये आणि दुसरे नव्या स्पीकरला बसते. एकही तार कापावी लागत नाही आणि गाडी विकताना जुने स्पीकर पूर्ववत बसवता येतात. वॉरंटीच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे, कारण बाहेरून केलेल्या फेरफारामुळे झालेला बिघाड कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

विम्याचाही विचार करावा. गाडीच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी मोटार विम्यात ‘आयएमटी-२४’ हे स्वतंत्र कलम आहे. महागडे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवल्यानंतर त्यांचे मूल्य विमा कंपनीला कळवून ते पॉलिसीत नोंदवले, तरच चोरी किंवा अपघातात त्यांची भरपाई मागता येते. त्यासाठी पक्के बिल जपून ठेवणे आवश्यक आहे.

ॲम्प्लिफायरची केबल आणि फ्यूज

स्पीकरच्या वायरवर खर्च करणारे ग्राहक अनेकदा बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या केबलवर काटकसर करतात. हा हिशेब उलटा आहे. ७५ वॅटच्या चार वाहिन्यांचा, म्हणजे ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर बॅटरीकडून २७ ते ३६ अँपिअर प्रवाह घेऊ शकतो. त्यासाठी किमान आठ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते.

या केबलवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असणे अत्यावश्यक आहे. हा फ्यूज ॲम्प्लिफायरपेक्षा केबलच्या रक्षणासाठी असतो. केबल इंजिनाच्या बाजूचा पत्रा ओलांडून आत येते. तेथे रबरी कडे नसेल, तर पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटते. त्या क्षणी बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडते आणि काही सेकंदांत आग लागू शकते. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ, म्हणजे मागच्या टोकाला असेल, तर मधली संपूर्ण केबल असुरक्षित राहते.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश असते. ती घ्यायचीच असल्यास अधिक जाडीची घ्यावी. वायरच्या टोकाला चाकूने खरवडल्यावर आतून चंदेरी रंग दिसला, तर ती शुद्ध तांब्याची नाही असे समजावे. मात्र कथील चढवलेली तांब्याची वायर बाहेरून चंदेरी दिसते आणि आतून तांबूस असते, हे लक्षात ठेवावे.

नव्या पिढीच्या गाड्यांचा वेगळा प्रश्न

महाराष्ट्रातील चाकण येथे तयार झालेल्या महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या श्रेणीत सोनीचे १२ स्पीकर आहेत. रांजणगाव येथील टाटा नेक्सॉनमध्ये हर्मन समूहाची ध्वनियंत्रणा मिळते. अशा यंत्रणांमध्ये आवाजाचा समतोल संगणकीय प्रक्रियेने त्या ठराविक स्पीकरना अनुसरून साधलेला असतो. त्यातील एखादा स्पीकर बदलल्यास आवाज सुधारण्याऐवजी बिघडू शकतो. काही गाड्यांतील मूळ स्पीकर दोन ओहमचे असतात. तेथे चार ओहमचा स्पीकर लावल्यास आवाज आधीपेक्षा लहान होतो. म्हणून खरेदीपूर्वी जुन्या स्पीकरच्या मागे छापलेला ओहमचा आकडा वाचावा.

निर्णयापूर्वीची चाचणी

वायर बदलायची की नाही, हे ठरवण्यासाठी दुकानात पंधरा मिनिटांची चाचणी पुरेशी आहे. दोन्ही दारांत सारखे नवे स्पीकर बसवावेत. एका बाजूला कंपनीची वायर ठेवावी. दुसऱ्या बाजूला स्टिरिओपासून स्पीकरपर्यंत जाड वायर तात्पुरती, उघड्या दारातून ओढावी. मग तेच गाणे एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूला ऐकावे. फरक डोळे मिटून ओळखता आला नाही, तर उत्तर मिळाले असे समजावे.

मल्टिमीटरनेही पडताळणी करता येते. स्टिरिओ बंद करून त्याच्या मागचा कपलर काढावा आणि तेथून स्पीकरसह वायरचा विरोध मोजावा. चार ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. त्यात वायरचे काही दशांश मिळवल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा मोजमाप बरेच अधिक असेल किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचत असेल, तर सांधा खराब आहे. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झालेली नाही, याचीही खात्री करावी. एका बाजूची टोके उलटी लागली, तर खर्जाचा आवाज नाहीसा होतो आणि दोष विनाकारण वायरच्या माथी मारला जातो.

वाचलेली रक्कम दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंगचे थर लावण्यात आणि स्पीकरखाली घट्ट बसणारे कडे बसवण्यात गुंतवावी. पत्र्याची थरथर थांबली आणि दाराची भोके बंद झाली की साध्या स्पीकरचाही खर्ज भरदार होतो. हा बदल मात्र कानाला लगेच जाणवतो.

आवाजाची मर्यादाही ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि आवाज जसा वाढतो तशी ही मुदत झपाट्याने घटते. चांगल्या स्पीकरचा खरा उपयोग कमी आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येण्यात आहे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू येईल इतपतच आवाज ठेवणे, हे महामार्गावर सर्वांच्याच सुरक्षिततेचे आहे.